सहाशे मिलिमीटरच्या लेन्सखाली काय लावायचं?

दीड-दोन लाखांची लेन्स आणि तिच्याखाली लग्नाच्या व्हिडिओवाल्याने टाकून दिलेला ट्रायपॉड, ही जोडी उजनी धरणाच्या पाण्यालगत, भिगवणच्या काठावर दर हिवाळ्यात दिसते. मग फ्लेमिंगो हलला की कॅमेरा, यावर चहाच्या टपरीवर खल चालतो.

आधी वजन बघा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोच्या आतबाहेर, निकॉनची २००-५०० साधारण २.३ किलो. जुन्या बाजारात मिळणारी कॅननची ६०० एफ/४, दुसरी आवृत्ती, ३.९ किलोची. वर बॉडीचं वजन वेगळं. ‘१५ किलो पेलतो’ या छापील आकड्यावर मात्र भाळू नका. तेवढ्या वजनाने ट्रायपॉड मोडणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. थरथर किती लवकर विरते हे आकडा सांगत नाही.

ते दुकानातच तपासा. पाय पूर्ण उघडा, आपलीच लेन्स चढवा, लेन्समधला थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर बंद करा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करा आणि हूडला हलकी टिचकी मारा. अक्षरं थरथरतच राहिली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. माझ्या मते चार किलोच्या लेन्सला पायाची वरची नळी ३२ मिलिमीटरच्या खाली नको. सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर उचलता येणारा दांडा, नसलेलाच उत्तम. असला तर तो वर उचलायचा नाही. उंची मोजताना गिम्बल हेड (लेन्स पाळण्यासारखी झुलवत धरणारा ट्रायपॉडचा माथा) जवळजवळ एक वीत वाढवतं, हे लक्षात ठेवा. कार्बन फायबरचा ट्रायपॉड खांद्याला बरा, पण बजेट कमी असेल तर हलक्या कार्बनपेक्षा जाडजूड ॲल्युमिनियम घ्या.

हेडबाबत माझं मत ठाम आहे: उडते पक्षी टिपायचे तर गिम्बल. गोळ्यावर सगळीकडे फिरणारं बॉल हेड सैल केलं की जड लेन्स नाक टेकते आणि बोटं सापडतात. व्हिडिओच जास्त करत असाल तर सावकाश, झटके न देता फिरणारं फ्लुइड हेड.

पण गिम्बल बॅलन्स केला नाही तर पैसे पाण्यात. एक हात लेन्सवर ठेवूनच सगळे नॉब सैल करा. हूड लावा आणि झूम बाहेर येणारी लेन्स असेल तर ६०० वरच ठेवा, कारण झूमबरोबर वजन पुढे सरकतं. लेन्सच्या पायाची प्लेट पुढे-मागे सरकवत लेन्स आडवी थांबेल ती जागा शोधा. मग तोंड वर करून हात अलगद सोडा. लेन्स आपोआप आडवी होत असेल तर ती खाली बसली आहे, लेन्स धरणारा गिम्बलचा पाळणा थोडा उचला. आणखी कलंडत असेल तर पाळणा थोडा उतरवा. ठेवाल तिथे थांबली की जमलं. प्लेटच्या दोन्ही टोकांचे सेफ्टी स्क्रू काढून ठेवण्याचा शहाणपणा करू नका. प्लेट पकडणारा क्लॅम्प सैल राहिला, तर लेन्स घसरून पडण्यापासून तेच वाचवतात.

एरवी पायाचे वरचे जाड भाग आधी उघडतात, पण उजनीच्या चिखलात नेहमीचा नियम उलटा: सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर ओढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. घरी आल्यावर ते पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवा.

होडीत ट्रायपॉड नेऊच नका. होडीची प्रत्येक डुलकी पायांतून लेन्सपर्यंत पोचते, शिवाय नावाड्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. ताडोबाच्या जिप्सीतही तेच. तिथे बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी. रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ किंवा हरभरे भरायचे. पाऊणच भरा, ठासून भरलेल्या पिशवीवर लेन्स गडगडते.