हिऱ्याआधी त्याचे घर पारखावे

लग्न ठरले की नाशिकमध्ये अंगठीची खरेदी साधारणपणे दोन ठिकाणी होते: जुन्या गावातील सराफ बाजारात, नाहीतर कॅनडा कॉर्नर ते कॉलेज रोड भागातील झगमगत्या दालनांत. दोन्हीकडे गिऱ्हाईक हिऱ्याचा रंग, स्वच्छता आणि वजन यांवर तासभर घासाघीस करते आणि तो हिरा ज्यात बसणार त्या घराची निवड मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, ट्रेमधील एखाद्या नमुन्यावर बोट ठेवून उरकते. वास्तविक एक कॅरेटचा गोल हिरा म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिमीटर व्यासाचा आणि 0.2 ग्रॅम वजनाचा जिन्नस. तो वर्षानुवर्षे बोटावर टिकतो, तो त्याला वरून पकडून ठेवणाऱ्या नख्यांच्या टोकांशी असलेल्या, गुंजभरही नसलेल्या सोन्याच्या जोरावर.

हिरा सर्वांत कठीण असल्यामुळे त्याला काही होत नाही, हा समज आधी बाजूला ठेवावा. कठीण असणे म्हणजे ओरखडा न उठणे. आघात सोसणे ही वेगळी गोष्ट आहे. हिऱ्याच्या स्फटिकात ठरावीक दिशांना तो सहज दुभंगतो आणि पातळ कडेवर किंवा टोकावर नेमका फटका बसला की त्याचा टवका उडतो. म्हणून घराची कामे दोन आहेत: खडा निसटू न देणे आणि त्याच्या कडेला आधार देणे. चौकोनी प्रिन्सेस, थेंबाच्या आकाराचा पेअर किंवा दोन्हीकडे टोकदार असा मार्कीज घेणार असाल, तर प्रत्येक टोकावर व्ही आकाराची नखी हवीच. साधी गोल नखी टोकाच्या बाजूला बसवून दिली असेल तर ती अंगठी परत करावी.

धातूच्या बाबतीत आपल्याकडे 22 कॅरेटचा आग्रह फार. घरातील वडीलधाऱ्यांना 18 कॅरेट म्हटले की सोन्यात भेसळ झाल्यासारखे वाटते. बांगडी किंवा पाटलीसाठी 22 कॅरेट उत्तमच, परंतु ते मऊ असल्यामुळे त्याच्या बारीक नख्या रोजच्या वापरात वाकतात आणि झिजतात. हिऱ्याच्या अंगठीसाठी 18 कॅरेट, आणि फार धकाधकीच्या वापरासाठी 14 कॅरेट घ्यावे. हॉलमार्कमध्ये त्यांची शुद्धता अनुक्रमे 750 आणि 585 अशा आकड्यांनी दिसते आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा काही काळाने उतरतो व पुन्हा चढवावा लागतो. प्लॅटिनमच्या नख्या मात्र तुटण्याऐवजी वाकतात, त्यामुळे खडा गळून पडण्याआधी सहसा सूचना मिळते.

आता हात पाहावा; म्हणजे ज्या हातात अंगठी जाणार, तो दिवसभर काय करतो हे पाहावे. रोज कणीक मळणारा हात, रुग्णालयात दिवसभर हातमोजे चढवणारा-उतरवणारा हात, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या घडांची विरळणी करणारा हात, यांना उंच नख्यांची अंगठी सोसत नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहणाऱ्यांनी तर घर कितीही मजबूत असले तरी कामावर अंगठी घालूच नये. तिथे प्रश्न हिऱ्याचा नसून बोटाचा असतो.

माझ्या मावशीच्या अंगठीला चार उंच नख्या होत्या. पदराच्या जरीत त्यांतील एक नखी कित्येक महिने अडकत होती, आणि प्रत्येक वेळी मावशी पदर सोडवून पुढच्या कामाला लागत असे. एका संध्याकाळी कणीक मळून हात धुताना खडा नाही हे लक्षात आले. तो सगळा गोळा परातीत पाणी घालून कालवला आणि मलमलच्या फडक्यातून गाळला, तेव्हा हिरा हाती लागला. सराफाकडे गेल्यावर कळले की उरलेल्या तिन्ही नख्याही टोकाशी कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. कापडात अडकणारी नखी ही तक्रार नव्हे, ती पूर्वसूचना असते.

चार नख्यांच्या घरातील एक नखी गेली की खडा बहुधा निसटतो. सहांपैकी एक गेली तर उरलेल्या पाच त्याला कारागिराकडे पोहोचेपर्यंत धरून ठेवतात. टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांच्या पेढीने 1886 मध्ये आणलेले सहा नख्यांचे घर आजही सगळीकडे चालते, त्यामागे हे साधे गणित आहे. तरीही रोज न काढता वापरायची अंगठी असेल, तर माझे मत बंद कडेच्या घराला, म्हणजे बेझलला आहे. त्यात सोन्याची सलग पट्टी हिऱ्याच्या कडेवर सगळीकडून दाबलेली असते, त्यामुळे अडकायला काही उरत नाही आणि कडेला टवका उडण्याचा धोकाही कमी होतो. हिऱ्यावर बाजूने पडणारा प्रकाश थोडा अडतो, हे खरे. पण खालची बाजू उघडी ठेवून घेतली तर साफसफाई सोपी होते. शुक्राचा खडा म्हणून हिरा घालणाऱ्यांनाही तो कातडीला लागावा यासाठी खालून उघडेच घर हवे असते, त्यामुळे दोन्ही हेतू एकाच घरात साधतात.

मुख्य हिऱ्याभोवती बारीक खड्यांची रांग हवी असल्यास ती दोन सोन्याच्या भिंतींमध्ये बसवलेली, म्हणजे चॅनेलची घ्यावी. पावे प्रकारातील कणाकणाचे खडे दिसतात देखणे, पण ते एकेक करून गळतात. केवळ दोन टोकांच्या दाबावर हिरा तोलणारी अंगठी घेऊच नये, कारण पुढे बोटाचे माप बदलले तर ती वाढवणे-घटवणे फार अवघड जाते. अंगठीच्या कड्याची जाडी बोटाच्या खालच्या बाजूला किमान दीड ते पावणेदोन मिलिमीटर असावी. सोने वाचवण्यासाठी नेमकी तीच बाजू पातळ केलेली आढळते.

अंगठी ताब्यात घेताना दहापट भिंग मागावे. प्रत्येक नखी खड्याला टेकलेली आहे का आणि मध्ये फट तर नाही ना, हे पाहावे. मग अंगठी कानाजवळ नेऊन बोटाने हलकेच टिचकी मारावी. खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. शेवटी ओढणीचे टोक नख्यांवरून फिरवावे, एकही धागा ओढला जाता कामा नये. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असेल, तर तो बेझलखाली झाकला जाण्याआधीच भिंगातून वाचून घ्यावा. त्यानंतर वर्षातून एकदा, आणि जोराचा फटका बसला तर लगेच, नख्या तपासून घ्याव्यात. दुरुस्तीला देताना खड्याचे वजन व प्रमाणपत्राचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, आणि हिऱ्याच्या भेगा भरलेल्या असतील तर ते कारागिराला आधी सांगावे, कारण डाख देतानाच्या आचेने ती भर खराब होते.