लिनक्सवर गेम आणि त्याची खतावणी

महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीची रिटर्न भरून झाली की त्या रात्री मी गेम खेळते. सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते, आणि वीसच्या आधीच्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते. लॅपटॉप २०१८ चा आहे. रायझन ५ २५००यू, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक प्रकार. लॅपटॉप आजही उत्तम चालतो आणि गेमही चालतात.

ते कसं करायचं ते सांगते. त्याबरोबरच, ज्यांच्या कामावर हे सगळं उभं आहे त्यांना पैसे कसे पोचवायचे तेही सांगणार आहे. माझ्या दृष्टीने ते एकाच कामाचे दोन भाग आहेत. माल घरात आला पण बिल भरलं नाही, तर आमच्या धंद्यात ती नोंद अर्धीच राहते.

आधी गेम तपासा, मग लिनक्स टाका

माझा भाचा फक्त व्हॅलोरंट खेळतो. त्याला मी लिनक्स टाकून दिलं नाही. त्या गेमचा व्हॅनगार्ड नावाचा, खेळातली लबाडी पकडणारा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो आणि लिनक्सवर तो चालत नाही. फोर्टनाइटचंही तसंच. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये लिनक्सची सोय केली, पण ती सुरू करायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी बंद केला गेला. तेव्हा घरात कोणी असे ऑनलाइन गेम खेळत असेल तर आधी त्यांची यादी करा आणि एकेक तपासून घ्या. नंतर घरात वाद नको.

एकट्याने खेळायच्या गेमसाठी प्रोटॉनडीबी ही वेबसाइट बघा. (प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन.) तिथे खेळणारे लोकच आपला अनुभव लिहितात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड असा शेरा मिळतो. बोर्क्ड म्हणजे चालतच नाही. नुसत्या शेऱ्यावर जाऊ नका. गेल्या तीन-चार महिन्यांतले अनुभव वाचा आणि आपल्यासारखं ग्राफिक्स असलेला माणूस काय म्हणतो ते शोधा.

एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स असेल तर ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सबरोबरच येतो, काहीच करावं लागत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

स्टीम

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान, घेतलेले गेम त्यातूनच चालतात. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते दोन रूपांत दिसतं, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक बंदिस्त खोलीत चालतं, त्यामुळे दुसऱ्या ड्राइव्हवरचे गेम दाखवायला वेगळी परवानगी द्यावी लागते आणि नवख्या माणसाचा तिथे गोंधळ होतो.

आता माझे दोन रविवार ज्यात गेले ती गोष्ट. विंडोजच्या जुन्या ड्राइव्हवर गेम आधीच उतरवलेले होते. पुन्हा तेवढा डेटा कशाला खर्च करायचा म्हणून मी स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवला. गेमचं ‘प्ले’ बटण दाबलं की दोन सेकंद हिरवं व्हायचं आणि परत पहिल्यासारखं. काही संदेशही नाही. कारण असं, की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज उभं करतो आणि त्यात सी ड्राइव्हच्या नावाची, म्हणजे अपूर्णविराम असलेल्या नावाची, एक खूण तयार करतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर नावात अपूर्णविराम चालत नाही आणि सगळं तिथेच अडतं. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागावरच ठेवा. डेटा गेला तर जाऊ दे.

पुढचं सोपं आहे. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ या भागात इतर सर्व गेमसाठी स्टीम प्ले चालू करायची खूण असेल तर ती करा. नव्या स्टीममध्ये ती बहुधा आपोआपच असते. मग गेम उतरवा आणि सुरू करा. पहिल्यांदा सुरू होताना ‘शेडर’ (चित्र काढायच्या सूचना) तयार होत असल्याची पट्टी दिसते. ती पूर्ण होऊ द्या, मध्येच सोडून दिली तर गेम अडखळत चालतो. तरीही गेम उघडला नाही, तर त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडा. मी आधी ‘एक्सपेरिमेंटल’ वापरून बघते, आणि त्यानेही नाही झालं तर ‘प्रोटॉन-जीई’. ही शेवटची आवृत्ती एक स्वतंत्र कार्यकर्ता तयार करतो. ती बसवायला प्रोटॉनअप-क्यूटी हे छोटं साधन सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळतं.

नवीन गेम घेतला तर त्याच दिवशी चालवून बघा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीम पैसे परत देतं. एपिक किंवा जीओजी या दुसऱ्या दुकानांतल्या गेमसाठी हीरोइक हा लाँचर, म्हणजे गेम उतरवून सुरू करणारा प्रोग्रॅम, आहे, आणि जुन्या सीडीवरच्या गेमसाठी लुट्रिस.

हे नेमकं कोणी केलं?

पहिला गेम नीट चालला त्या रात्री मी वही काढली. पगार कोणाला मिळतो, कोणाला नाही, हे डोळ्यासमोर आल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्हीही एकदा असं पान करा, कारण पैसे कुठे द्यायचे याचं उत्तर त्यातच मिळतं.

सर्वात खाली वाइन. विंडोजचा गेम विंडोजकडे फाइल मागतो, खिडकी मागतो, आवाज मागतो, आणि वाइन विंडोजच्या जागी उभं राहून उत्तर देतं. काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! १९९४ पासून आलेक्झांद्र ज्युलियार या प्रकल्पाची धुरा सांभाळत आहेत. त्यांना पगार देते ती अमेरिकेतल्या मिनेसोटाची कोडवीव्हर्स ही कंपनी. ती वाइनवर उभं असलेलं क्रॉसओव्हर विकते आणि त्या कमाईतून वाइनवर काम करणाऱ्यांचे पगार निघतात. २००२ पासून वाइनचा परवाना असा आहे, की ज्याने वाइनमध्ये सुधारणा करून ती वाटली त्याला ती सुधारणा सगळ्यांसाठी खुली करावी लागते. ही अट मला फार मोलाची वाटते. मोठी कंपनी आली तरी तिला हे काम कुलपात घालता येत नाही.

वाइनच्या वर डीएक्सव्हीके. गेम विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत चित्र काढायला सांगतो, डीएक्सव्हीके ते लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत सांगतं. जर्मनीतल्या फिलिप रेबोले यांना निअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून २०१७ मध्ये त्यांनी हे लिहायला घेतलं. पुढच्या फेब्रुवारीपासून व्हॉल्व्ह, म्हणजे स्टीमची मालक कंपनी, त्यांना या कामाचे पैसे देऊ लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही भाग एकत्र बांधून व्हॉल्व्हने प्रोटॉन आणला. २०२२ साली आलेलं त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र त्यावरच चालतं.

माझ्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्सला व्हल्कन कळतं ते रॅडव्ही या ड्रायव्हरमुळे. डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. चिप एएमडीची, पण हा ड्रायव्हर सुरू करणारे एएमडीचे लोक नव्हते. तो मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे, आणि मेसाचं सगळं कामकाज फ्रीडेस्कटॉप या, अशा खुल्या प्रकल्पांना जागा देणाऱ्या उपक्रमाच्या सर्व्हरवर होतं. २०२५ च्या सुरुवातीला कळलं, की हे सर्व्हर ज्या कंपनीने फुकट दिले होते ती आपली ती सेवाच बंद करते आहे. काही महिन्यांत सगळं बिऱ्हाड हलवावं लागलं. लाखो लोकांच्या पडद्यावरचं चित्र ज्या कोडमधून येतं, त्याला राहायला जागा शोधायची वेळ आली होती. ती बातमी वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले.

आता वहीतला निष्कर्ष. डीएक्सव्हीके, प्रोटॉन आणि मेसातला मोठा वाटा यांचा पगार आज व्हॉल्व्हकडून निघतो. म्हणजे स्टीमवर गेम विकत घेतलात, की त्यातला एक अंश तिकडे जातोच. तुम्ही तो प्रोटॉनमधून लिनक्सवर खेळलात तर ती विक्री लिनक्सच्या नावावर धरली जाते, हे व्हॉल्व्हने २०१८ मध्येच सांगितलं आहे. म्हणून गेम चोरून घेऊ नका. स्टीमवर रुपयांत किमती आहेत, यूपीआय चालतं आणि सेलमध्ये दोन-तीनशे रुपयांत चांगले गेम मिळतात.

पण मिंट, लुट्रिस, हीरोइक आणि वाइनचा सामायिक निधी लोकांच्या देणग्यांवर चालतात. माझे वेगळे काढलेले पैसे तिथे जातात.

पैसे पाठवायची पद्धत

दरमहा द्यायचं ठरवू नका. मी तसंच सुरू केलं होतं. पहिल्या महिन्यात पैसे गेले, दुसऱ्या महिन्यात माझ्या बँकेने व्यवहार नाकारला आणि तिसऱ्या महिन्यात प्रकल्पाकडून ‘तुमचं सदस्यत्व थांबलं आहे’ अशी मेल आली. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळते होणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आधी दिलेल्या ऑनलाइन संमतीचे, नियम लागू आहेत आणि परदेशातल्या बऱ्याच ठिकाणी त्यांची सोय केलेली नाही. शिवाय प्रत्येक वेळी परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेची वरची आकारणी, लागतो, अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. पैसे स्वीकारणारी सेवा दर व्यवहारामागे ठरावीक रक्कम कापून घेते ती वेगळीच. एक-दोन डॉलर पाठवले तर त्यातला डोळ्यात भरण्याइतका भाग वाटेतच संपतो.

म्हणून मी दर वीस तारखेला २०० रुपये बाजूला टाकते आणि पाडव्याला, वहीपूजन झालं की, एकदम २४०० रुपये पाठवते. निम्मे वाइनला, उरलेले मिंट आणि लुट्रिसला. तुमची रक्कम ५०० असली तरी पद्धत हीच ठेवा.

आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, कारण ते बहुतेक वेळा बंद असतात. मर्यादा पाच हजारांवर ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा. देणगीच्या पानावर ‘एकदाच’ हा पर्याय शोधा. लिबरापे या देणग्या गोळा करणाऱ्या साइटवर वर्षभराचे पैसे एकदम भरता येतात. वाइनचे पैसे सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेमार्फत जातात, आणि वाइनवर काम करणाऱ्यांना एकत्र भेटण्यासाठीचा प्रवासखर्च त्यातून होतो. मिंटवाले दर महिन्याला किती लोकांकडून किती देणगी आली ते आपल्या पानावर जाहीर करतात. हिशेब उघडा ठेवणारी माणसं मला आवडतात.

ऑफिसात कोणी विचारलं तर मी आणखी एक गोष्ट सांगते: परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०जी कलमाची सूट मिळत नाही. पावती जपून ठेवा, पण रिटर्नमध्ये दाखवू नका.

तुमच्यापैकी कोणी स्वतः असं खुलं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर त्यांनी बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाल कंपनीचा फ्लॉस फंड जरूर बघावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला १० लाख डॉलर खुल्या प्रकल्पांना द्यायचं जाहीर केलं. अर्ज करायला आपल्या प्रकल्पात फंडिंग.जेसन नावाची एक फाइल ठेवावी लागते. तिच्यात पैसे कशासाठी आणि किती हवेत ते लिहायचं. आपल्या देशातून एवढी रक्कम या कामासाठी निघाली याचा मला अभिमान आहे.

आणि पैसे आत्ता शक्य नसतील तर प्रोटॉनडीबीवर तुमच्या गेमचा अनुभव लिहा. स्टीमच्या ‘हेल्प’मध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असतं, ते कॉपी करून तिथे चिकटवा, प्रोटॉनची कोणती आवृत्ती वापरली ते निवडा आणि काय अडलं, कशाने सुटलं ते चार ओळींत लिहा. पाच मिनिटं लागतात. माझ्या २५००यू वर कोणता गेम किती चालतो हे मी आतापर्यंत अकरा वेळा लिहिलं आहे. जुना लॅपटॉप असेल तर तुम्ही नक्की लिहा, कारण तिथे नव्या महागड्या कार्डांचेच अनुभव जास्त आहेत.