साखरेच्या धुळीचा स्फोट: पॅकिंग विभागात तो कसा घडतो आणि कसा टाळावा

साखरेचा चमचा विस्तवावर धरला, तर साखर वितळते, फसफसते आणि काळी पडते; तिचा स्फोट होत नाही. तीच साखर पिठासारखी बारीक होऊन हवेत तरंगू लागली की प्रत्येक कणाला चोहोबाजूंनी हवा मिळते आणि एक कण पेटताच आजूबाजूचे कण निमिषात पेटतात. जळणारी धूळ, हवा आणि ठिणगी एवढ्यावर आग लागते. धूळ उधळलेली असेल आणि जागा कोंडलेली असेल, तर दाब वाढून स्फोट होतो.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी हेच घडले. सायलोखालचा, म्हणजे साखर साठवण्याच्या उंच टाकीखालचा, कन्व्हेयर पट्टा आदल्या वर्षी पोलादी पत्र्यांनी बंदिस्त केला होता, पण आत साचणारी धूळ ओढून घेण्याची किंवा दाब बाहेर सोडण्याची सोय ठेवली नव्हती. बहुधा एका तापलेल्या बेअरिंगमुळे आत पहिला स्फोट झाला. त्याच्या धक्क्याने इमारतीत वर्षानुवर्षे साचलेली साखर उधळली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. चौदा कामगार दगावले. पहिल्या स्फोटाहून त्यानंतरचे स्फोट अनेकदा अधिक संहारक ठरतात, आणि त्यांना लागणारे इंधन आपणच तुळयांवर साचू देतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

म्हणून पाहणी जमिनीपासून नव्हे, छतापासून सुरू करावी. तुळया, केबल ट्रे, दिव्यांची झाकणे आणि बकेट एलिव्हेटरचा (बादल्यांनी साखर वर चढवणाऱ्या यंत्राचा) माथा येथे शिडी लावून बोट फिरवावे. बोटाची रेघ ठळक उमटत असेल आणि थराखालचा रंग ओळखू येत नसेल, तर सफाई त्याच पाळीत करून घ्यावी. सुमारे ०.८ मिलिमीटरचा थर, म्हणजे कागदाला लावायच्या साध्या क्लिपच्या तारेएवढी जाडी, मोठ्या भागावर पसरलेला असेल तर तो धोक्याचा मानला जातो.

सफाईसाठी कॉम्प्रेसरची हवा मारू नये. तिने धूळ नाहीशी होत नाही, उलट उधळते. ज्वलनशील धुळीसाठी प्रमाणित असलेला व्हॅक्यूम वापरावा. तो नसेल तर मऊ झाडूने, सावकाश, धूळ न उडवता झाडावे.

एलिव्हेटर व कन्व्हेयरच्या बेअरिंगचे तापमान रोज नोंदवावे, पट्टा एका बाजूला सरकून घासत नाही ना ते पाहावे आणि यंत्रांचे अर्थिंग तपासावे. वेल्डिंगपूर्वी यंत्र थांबवून, आतबाहेर साफ करून, लेखी परवाना घेतल्याशिवाय वेल्डिंगची टॉर्च पेटवू देऊ नये. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३७ धूळ साचू न देणे, ठिणगीची साधने दूर ठेवणे व दाबाला वाट ठेवणे यासंबंधीच होते. दाबाची ही वाट उघड्यावर निघावी, माणसांच्या रस्त्यावर नव्हे.

आणि धुळीचा ढीग धुमसताना दिसलाच, तर त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. ढीग उधळला की धुमसणाऱ्या आगीचा स्फोट होऊ शकतो. यंत्रे थांबवून माणसे बाहेर काढावीत, अग्निशमन दलाला कळवावे आणि पाणी मारायचेच असेल तर ते प्रशिक्षित माणसाने हलक्या तुषारांनी मारावे.