मखर फरशीवर टेकलं पाहिजे

ठाण्यात नौपाड्याला मखरं विकणाऱ्या मित्राचं एआर ॲप (कॅमेऱ्यातल्या खऱ्या खोलीत खोटी वस्तू ठेवून दाखवणारं) मी सांभाळतो. गिऱ्हाईक घरबसल्या हॉलच्या कोपऱ्यावर फोन धरतं आणि मखर तिथे मावतंय का ते बघतं. असं काही करणार असाल, तर मखराच्या थ्रीडी मॉडेलवर नक्षी कोरत बसण्याआधी लोकांच्या घरातल्या फरशीचा विचार करा.

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये जिकडेतिकडे पांढऱ्या विट्रिफाइड टाइल्स. एआरसाठीचं गूगलचं एआरकोअर काय आणि ॲपलचं एआरकिट काय, दोन्ही कॅमेऱ्यातल्या ठळक ठिपक्यांवरून जमीन ओळखतात. कोऱ्या टाइलवर ठिपके सापडत नाहीत, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फोनबरोबर सरकतं. मग मखर तरंगतं. त्यामुळे पहिल्याच स्क्रीनवर सरळ लिहा: ‘खाली सतरंजी नाहीतर पेपर अंथरा आणि फोन सावकाश डावीउजवीकडे न्या.’ जागच्या जागी फोन वळवून भागत नाही. एका कॅमेऱ्याला अंतर कळायचं तर हात सरकायलाच हवा.

मापाचं बघा. सुतार फूट-इंचांत बोलतो, थ्रीडी मॉडेलची जीएलटीएफ फाइल मीटरमध्ये. 18 इंच म्हणजे 0.4572 मीटर. आणि दोन बोटांनी लहानमोठं करायची सोय काढूनच टाका. ती असली की प्रत्येक मखर प्रत्येक कोपऱ्यात मावतं!

खरेपणा येतो तो सावलीने. मखराच्या बुडाशी मऊ, गडद सावली द्या. प्रकाशाची दिशा आणि रंग खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेणाऱ्या एआरकोअरच्या ‘एन्व्हायर्नमेंटल एचडीआर’कडून घ्या. पुढे सोफा असेल तर मखराचा तेवढा भाग झाकला जावा, त्यासाठी कुठली वस्तू किती लांब आहे ते सांगणारी एआरकोअरची डेप्थ एपीआय आहे. तिचा अंदाज साधारण अर्धा ते पाच मीटरपर्यंत चांगला चालतो, आपल्या हॉलला तेवढा पुरे.

आता फोन तापण्याचं. मखर एकदा ठेवलं की नवी जमीन शोधणं बंद करा, मखर काही पळून जात नाही. 4096 पिक्सेलचं चौरस टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायचं चित्र) कॉम्प्रेस न करता मेमरीत 64 एमबी खातं, 1024 चं फक्त 4. हातभर अंतरावरच्या स्क्रीनवर फरक शोधून दाखवा. दिव्यांच्या माळेतला एकेक बल्ब खरा प्रकाशस्रोत करू नका. तो नुसता उजळ रंगवा आणि मखराच्या आत एकच पिवळसर दिवा ठेवा.

चाचणी संध्याकाळी, घरच्या दिव्यांत, स्वस्तातल्या ॲंड्रॉइडवर करा. गिऱ्हाईक ऑफिसातून आल्यावरच बघतं.