एका बाजूला सुकाणू जड, दुसऱ्या बाजूला हलकं: शिडाच्या होडीतला दोष कसा शोधायचा

वारा डावीकडून घेतला की टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, हाताला ओढायचा आणि अर्ध्या तासात खांदा भरून यायचा. टॅक (शिडात वारा घ्यायची बाजू) बदलून वारा उजवीकडे आला की तोच टिलर दोन बोटांवर चालायचा. बेलापूरजवळ दिवाळ्याच्या किनाऱ्यावर ठेवलेल्या माझ्या 18 फुटी होडीचं हे दुखणं. दोन हंगाम मी त्याचं खापर खाडीवर फोडलं.

टिलर थोडा ओढणं वाईट नाही. नाळ (होडीचं पुढचं टोक) जराशी वाऱ्याकडे वळू पाहते, आपण सुकाणू 3-4 अंश धरून तिला सरळ ठेवतो. टिलर हातातून सुटला तर होडी वाऱ्याच्या तोंडाला जाऊन थांबते, ही तर सुरक्षितताच. ही ओढ दोन्ही टॅकवर सारखीच जास्त असेल, तर तो वेगळा आजार: शीड फार आत ओढलेलं, डोलकाठी मागे फार झुकलेली, किंवा वाऱ्याच्या मानाने शीड मोठं. ओढ दोन टॅकवर वेगवेगळी असेल तरच समजावं, की होडीत कुठेतरी डावं-उजवं जुळत नाही.

आधी तो फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. टिलरच्या टोकाखाली आडवी पट्टी बांधा. सुकाणू मधोमध असताना तिच्यावर खूण करा, मग प्रत्येक टॅकवर टिलर कुठे राहतो त्याच्या खुणा रंगीत टेपने करा. होडीचा कल आणि शिडांचा ताण दोन्हीकडे सारखा ठेवा. सुकाणू धरणारा माणूसही एकदा बदला. उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हातातला टिलर उगाच जड लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता खाडीचा हिशेब. एकसारखा वाहणारा प्रवाह होडीला पाण्यासकट नेतो, तो सुकाणूवर दाब देत नाही. पण वाशी पुलाच्या खांबांकडे बघून आपण किती पुढे सरकलो हे ठरवलं, की एक टॅक कायम नालायक वाटतो. वाऱ्याविरुद्ध ओहोटी असली की लाटा उभ्या राहतात आणि एका टॅकवर नाळेवर, दुसऱ्यावर कुशीत येतात. त्याने मात्र टिलर खरंच वेगळा लागतो. म्हणून चाचणीचा दिवस निवडून घ्या. तिथीचा आकडा पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशेब लावला तर षष्ठीची भरती साडेचारला आणि सप्तमीची सव्वापाचला येते. तेव्हा उधाण ओसरलेलं असतं, पाणी भरत आलेलं असतं आणि दुपारचा समुद्रवाराही टिकून असतो. पुलापासून लांब, मोकळ्या पाण्यात 8-10 टॅक घ्या. फरक तेवढाच राहिला तर दोष होडीत.

वजन तपासायला फार वेळ लागत नाही. शांत पाण्यात माणसं उतरवून आडवी पाणसळ ठेवा. नांगर, बॅटरी, पाण्याचे कॅन एका कुशीला असतील तर मधोमध आणा. पिछाडीला एका बाजूला लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यात जाणारा पाय चालताना वर उचलाच. माझा डावीकडे होता. वारा उजवीकडून असला की तो पाय खोल बुडायचा, नाळेला वाऱ्यापासून दूर खेचायचा आणि तो टॅक खोटा हलका वाटायचा.

यानंतर डोलकाठी. माझ्या मते दोष बहुतेक वेळा इथेच निघतो. मोठं शीड चढवायच्या दोराला स्टीलची मोजफीत बांधून शेंड्यापर्यंत न्या आणि दोर घट्ट अडकवा. मग दोन्ही कुशींवर मध्यरेषेपासून सारख्या अंतरावरच्या बिंदूंपर्यंत, सारख्याच ताणाने माप घ्या. ताणतारा, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा, ज्या पट्ट्यांना अडकवतात त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्यासुद्धा पुढे-मागे बसवलेल्या असू शकतात. डोलकाठी 7 मीटर आणि बिंदू मध्यरेषेपासून 1-1 मीटरवर असतील, तर फितीवरचा 1 सेंटिमीटर फरक म्हणजे शेंड्याला साधारण 3.5 सेंटिमीटर कल. शेंडा उजवीकडे झुकला असेल, तर डावीकडच्या वाऱ्यात शिडाचा जोर आणखी बाहेर जातो आणि नाळ वाऱ्याकडे जास्त वळते. माझी गोष्ट नेमकी हीच निघाली.

दुरुस्ती करताना एका बाजूचा टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) जितके फेरे सोडाल, तितकेच दुसऱ्या बाजूचा आवळा. आधी शेंड्याकडच्या तारा, मग खालच्या. शेवटी शीड चढवून दोन्ही टॅकवर बुडख्यापासून डोलकाठीकडे वर बघा: ती सरळ हवी आणि वाऱ्याआडची तार दोन्हीकडे सारखीच ढिली हवी.

पुढच्या शिडाच्या दोराचे ब्लॉक (कप्प्या) दोन्हीकडे एकाच मापावर आहेत का, तेही बघा. पट्टीवरची भोकं मोजून भागत नाही. पट्टीच वाकडी बसवलेली असू शकते. नाळेपासून फितीने मोजा.

एवढं करूनही फरक राहिला तर दोष पाण्याखाली. शिडं उतरवून, आउटबोर्ड वर घेऊन, दुसऱ्या होडीकडून लांब दोराने सरळ ओढून घ्या. सरळ राहायला टिलर सतत एकीकडे धरावा लागत असेल, तर होडी वर काढा. नाळेपासून पिछाडीच्या मध्यापर्यंत दोरा ताणा आणि कील किंवा सेंटरबोर्ड (तळाखालचं स्थिर किंवा वर-खाली होणारं उभं पातं) त्या रेषेत आहे का बघा. सुकाणू ओळंब्याला लावा, बिजागऱ्यांची ढिलाई हलवून तपासा. तळाला एकाच कुशीवर कवचं चिकटली असतील तर खरवडून काढा.

एका फेरीत एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलानंतर टेपच्या खुणा नव्याने घ्या. माझ्या खुणा तिसऱ्या फेरीला जुळल्या. टर्नबकल मनासारखे बसले की त्यांच्या पिना त्याच दिवशी घाला आणि वर टेप गुंडाळा. मी ते काम दुसऱ्या दिवसावर टाकलं, तर वाटेत एक टर्नबकल चार फेरे उलटा फिरला आणि फीत पुन्हा वर चढवावी लागली.