आउटबोर्ड मशीन ताकद सोडतंय? या चुका टाळा

होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन असूनही होडी पळेनाशी झाली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे नाहीतर स्पार्क प्लगकडे जातो. इथेच दिवस फुकट जातो. पाना हातात घेण्याआधी पूर्ण रेस देऊन आवाज ऐका. आवाज दबलेला आणि आरपीएम (मशीनचे मिनिटाचे फेरे) चढतच नसेल, तर दोष इंधनात, ठिणगीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात) शोधायचा. (तळाला शंखशिंपले धरलेत का, होडीत पाणी साचलंय का, हे मात्र आधी बघा. ओझ्यानेही आरपीएम पडतो.) मशीन मोकळं ओरडतंय आणि होडी पुढे सरकत नाही, तर वरचं सगळं ठीक आहे, दोष पंख्याकडे (प्रोपेलरकडे) आहे.

खालची माहिती कोकणातल्या फायबर होड्यांवर दिसणाऱ्या दोन सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मशीनची आहे.

बल्ब दाबत दाबत पुढे जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पाच-दहा मिनिटं मशीन नीट चालतं, मग दम सोडतं, प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबला की पुन्हा उचलतं. लोक तसंच दाबत किनारा गाठतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, पिस्टन तापतो आणि धरतो, म्हणजे जाम होतो.

बल्ब काय सांगतो ते बघा. चालू मशीनवर तो चपटा होत असेल, तर टाकीकडून पेट्रोल येत नाही: झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. बल्ब मऊ राहतो आणि दाबून कडक होतच नाही, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. कनेक्टरची ओ-रिंग आणि पाइपचे क्लिप तपासा. बल्ब व्यवस्थित कडक होतो, तरी चालताना दाबल्याशिवाय मशीन टिकत नाही, तर संशय फ्युएल पंपाच्या पडद्यावर.

जुनं पेट्रोल हलवून वापरणं

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीची नळी ओढते तळातून. काचेच्या बरणीत थोडं काढून १५ मिनिटं ठेवा. थर दिसला तर ते टाकीत परत ओतू नका. नवं मिश्रण ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड ऑइल. तुमच्या मॉडेलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघून घ्या. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) तुंबलेच असतील तर क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं.

एक सिलिंडर मेलेला न ओळखणं

मशीन बंद करा, एका प्लगची वायर काढून बॉडीला नीट अर्थ करा, मग चालू करा. आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. मग दुसऱ्याची तशीच परीक्षा. चालू मशीनवर हाताने वायर ओढू नका. प्लग बदलताना गॅप बघा: एनजीके कंपनीच्या बी७एचएस-१० प्लगमधले शेवटचे १० म्हणजे १.० मिमी.

पंख्याचा बुश विसरणं

पंख्याच्या आत रबरी बुश असतो. तो सुटला की हळू चालताना सगळं ठीक वाटतं, रेस दिली की पंखा मागे राहतो. किल-स्विचची (मशीन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून पंख्याच्या मागच्या बाजूला आतल्या स्लीव्हपासून बाहेरच्या हबपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. ओझ्यावर चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश गेला. पंखा काढलाच आहे, तर शाफ्टवर गुंडाळलेली तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) काढा. ती सील कापते आणि गिअर ऑइल दुधाळ होतं.

मशीनची धार बारीक झाली तरी चालवणं

ही धार म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाहेर पडणारी. तिच्या भोकात तार घालून धार सुटली तर ठीक. नाही सुटली तर थांबा. खाडीतली रेती इम्पेलरची (पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती झिजवते, आणि कोरडं मशीन काही सेकंद चालवलं तरी ती जळतात. पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील तर इम्पेलर बदला.

हे सगळं ठीक असूनही दम नसेल, तर दोन्ही प्लग काढा, वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर कार्ब्युरेटर कितीही ट्यून केला तरी उपयोग नाही. मशीन उघडून पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील.