बांगडा निखाऱ्यावर भाजताय? धुराकडे बघा

दिवाळे कोळीवाड्यातून ताजे बांगडे आणले की आमच्याकडे गच्चीवर शेगडी पेटते. बांगडा तेलकट मासा. तेलाचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज येतो, काळपट धूर उठतो आणि माशाला चिकटतो. या धुरात पीएएच गटातली, म्हणजे तेल-लाकूड अर्धवट जळताना तयार होणारी रसायनं असतात. त्यातलं बेंझोपायरीन कर्करोगकारक ठरलेलं आहे. युरोपात धुरावलेल्या माशात त्याची मर्यादा किलोला फक्त 2 मायक्रोग्रॅम आहे, यावरून काय ते समजा.

म्हणून ज्वाळ पूर्ण विझून कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत मासा ठेवूच नका. घरातले भुकेले ओरडतील, ओरडू द्या. जाळी वीतभर उंच धरा किंवा बांगडा केळीच्या पानात गुंडाळा, म्हणजे तेल खाली गळत नाही. पान जळायला लागलं तर बदला. शेगडीत प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली फळी, दुधाच्या पिशव्या अजिबात नकोत; सोसायटीत रंगकाम चालू असलं की हा मोह हमखास होतो.

करपलेली साल काढून टाका. धुरातली घाण बरीचशी तिथेच बसते, आतल्या मांसात कमी. पाकिटातल्या स्मोक्ड माशाचंही तेच, साल ताटाबाहेर. धुऊन किंवा पुन्हा गरम करून ही रसायनं जात नाहीत.

सुका बोंबील मात्र तव्यावरच भाजावा. चव तसूभरही कमी होत नाही, आमची आजी तेच करायची.